मुलाला 'गोली' व्हायचंय? ओंटारियोत नव्याने आलेल्या पालकांसाठी

आमचा मुलगा सात वर्षांचा असताना जेवता जेवता म्हणाला, "मला गोली व्हायचंय." फोन स्पीकरवर होता आणि पलीकडे खडकीहून सासूबाई ऐकत होत्या. त्यांना 'गोळी' ऐकू आलं. "कसली गोळी? डॉक्टरकडे नेलंत का?" मग आम्ही सांगितलं की हॉकीतला गोलकीपर. त्यावर त्या खूश झाल्या, कारण खडकीत हॉकी म्हणजे धनराज पिल्ले आणि धनराज पिल्ले म्हणजे घरचाच माणूस. ही हॉकी बर्फावरची, मिसिसागातली, असं समजावायला आणखी दहा मिनिटं गेली. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही त्यातलं फारसं काही कळत नव्हतं.

त्या गोष्टीला तेरा वर्षं झाली. मुलगा आता वीस वर्षांचा आहे आणि ज्युनियर म्हणजे वीस वर्षांपर्यंतच्या मुलांच्या हॉकीचं शेवटचं वर्ष खेळतोय. तो एनएचएलमध्ये (नॅशनल हॉकी लीग, बर्फावरच्या हॉकीतली सर्वांत वरची व्यावसायिक लीग) गेलेला नाही, जाईल असंही आम्ही धरून चाललेलो नाही. पण या वाटेवर कुठे कागद लागतो, कुठे खिसा कापला जातो आणि कुठे मुलाचं कंबरडं, हे आता नीट ठाऊक झालंय. दर उन्हाळ्यात कुणीतरी ओळखीचं मराठी कुटुंब तेच प्रश्न विचारतं, म्हणून एकदाच लिहून टाकतेय. मी ओंटारियोपुरतं लिहितेय, दुसऱ्या प्रांतात नियम थोडे वेगळे असतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं. गोली उशिरा तयार होतो. आमच्या हातून झालेल्या जवळजवळ सगळ्या चुका घाईतून झाल्या.

१. आधी स्केटिंग, पॅड नंतर

गल्लीत क्रिकेट खेळताना लिंबूटिंबूला विकेटमागे उभं करतात. मलाही वाटलं होतं, ज्याला नीट स्केटिंग जमत नाही त्याने गोलात उभं राहावं. गोष्ट नेमकी उलटी आहे. गोलीला एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत आडवं जाऊन जागच्या जागी थांबायचं असतं, गुडघ्यांवर बसून तिथूनच पुन्हा ढकलत निघायचं असतं, आणि हे सगळं नजर पकवर, म्हणजे चेंडूऐवजी असलेल्या रबरी चकतीवर, ठेवून. संघात सर्वांत पक्कं स्केटिंग गोलीचं हवं.

म्हणून लहान गटांत कायमचा गोली नेमायची घाई हॉकी कॅनडा ही इथली राष्ट्रीय संघटनाही करत नाही. यू९ म्हणजे नऊ वर्षांखालच्या गटात मुलांनी आळीपाळीने गोलात उभं राहावं, असा सल्ला असतो. तुमच्या मुलाने पहिल्याच आठवड्यात पॅडचा हट्ट धरला तर त्याला "तुझी पाळी आली की" एवढंच सांगा. सहा ते दहा वयाच्या आणि कधीच हॉकी न खेळलेल्या मुलांसाठी 'फर्स्ट शिफ्ट' नावाचा कार्यक्रम असतो. त्यात डोक्यापासून पायापर्यंतचं सामानही मिळतं. ते साध्या खेळाडूचं असतं, गोलीचं नाही. तरी सुरुवातीला तेच चांगलं.

वयोगट जन्मवर्षावर ठरतो. डिसेंबरात जन्मलेलं मूल जानेवारीत जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने लहान असलं तरी गट एकच. आमचा नोव्हेंबरचा. तो मागे पडतोय असं वाटून मी तीन वर्षं उगाच झुरले.

२. कागदपत्रं

हाउस लीगची, म्हणजे निवड चाचणी नसलेल्या क्लबातल्या साध्या स्पर्धेची, नोंदणी बहुतेक क्लबांत वसंतातच उघडते आणि हंगाम सप्टेंबरला सुरू होतो. ऑगस्टमध्ये जागे झालात तर यादी भरलेली असते. गोलीच्या जागा मात्र पुष्कळदा रिकाम्या राहतात आणि काही क्लब गोलीला फीमध्ये सवलतही देतात. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

हे जवळ ठेवा:

– मुलाचा जन्मदाखला. तो फक्त मराठीत असेल तर पासपोर्ट सोबत न्या.
– पीआर कार्ड किंवा जो काही परमिट असेल तो.
– पत्त्याचा पुरावा. वीजबिल किंवा घरभाड्याचा करार. कुठल्या क्लबात खेळता येईल, हे पुष्कळदा पत्त्यावर ठरतं.
– 'रिस्पेक्ट इन स्पोर्ट' हा पालकांचा ऑनलाइन वर्ग पूर्ण केल्याचा क्रमांक. घरटी एका पालकाने केला की चालतो.
– रोवन्स लॉची पोचपावती. डोक्याला मार लागण्याविषयीची माहिती मुलाने आणि पालकांनी दरवर्षी वाचून मान्य करायची असते.
– आरोग्याचा फॉर्म आणि हेल्थ कार्डाची प्रत.

रोवन्स लॉकडे सही ठोकून मोकळं व्हायचा कागद म्हणून बघू नका. रोवन स्ट्रिंगर ही ओटावाची सतरा वर्षांची रग्बी खेळाडू. लागोपाठ डोक्याला मार बसत असतानाही ती खेळत राहिली आणि २०१३ मध्ये गेली. २०१८ चा हा कायदा तिच्या नावाचा आहे. गोलीला मुखवट्यावर पक लागतो, कधी कुणी येऊन आदळतं, आणि "काही नाही झालं" म्हणण्यात ही मुलं पटाईत असतात.

दुबईत किंवा अमेरिकेत मुलगा एखाद्या संघात रीतसर नोंदवून खेळला असेल, तर क्लबच्या रजिस्ट्रारला आधीच सांगा. देश बदलल्याचे वेगळे कागद लागू शकतात आणि त्यात आठवडे जातात.

३. सामान, आणि आपली 'वाढत्या अंगाची' सवय

शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यायचा, चपला एक नंबर मोठ्या घ्यायच्या, यात आपण वाढलो. गोलीच्या सामानात ही सवय घातक आहे. पायाच्या पॅडमध्ये गुडघ्यासाठी आतल्या बाजूला एक गादीची जागा असते. मूल गुडघ्यावर बसलं की गुडघा बरोबर तिथे टेकला पाहिजे. पॅड मोठं असेल तर गुडघा खाली सरकतो, पॅड नीट वळत नाही, आणि दोन्ही पॅड समोरासमोर आपटून मूल तोंडावर पडतं. मी दोन वर्षं चालावेत म्हणून मोठे पॅड घेतले होते. डिसेंबरपर्यंत ते बदलावे लागले. माप घेताना स्केट घालूनच माप घ्या.

लागणारं सामान असं:

– मुखवटा. सीएसए या कॅनडातल्या मानक संस्थेचा शिक्का असलेलाच.
– गळपट्टा. बीएनक्यू या क्युबेकच्या मानक संस्थेचा शिक्का असलेला. शिवाय मुखवट्याखाली लोंबणारी गळ्याची पट्टी.
– छातीचं आणि हातांचं कवच
– ब्लॉकर (काठीच्या हाताला) आणि ट्रॅपर (झेलायच्या हाताला)
– गोलीची वेगळी पँट आणि जांघेचं संरक्षण
– पायाचे पॅड आणि आत गुडघ्याला लावायचे छोटे गार्ड
– गोलीचे स्केट. यांचं पातं लांब आणि सपाट असतं, साध्या स्केटवर काम भागत नाही.
– गोलीची काठी. उंचीप्रमाणे, लांबट नको.

हातांचा घोळ आधी समजून घ्या. उजव्या हाताने लिहिणारं मूल साधारणपणे डाव्या हाताने झेलतं आणि उजव्या हातात काठी धरतं. ट्रॅपर डाव्या हातात, हाच सर्रास प्रकार. याच्या उलट्याला दुकानात 'फुल राइट' म्हणतात आणि तसं सामान जुन्या बाजारात क्वचित मिळतं. आमच्या ओळखीच्या एका बाबांनी स्वस्तात संपूर्ण संच आणला. घरी आल्यावर कळलं की दोन्ही हातमोजे उलट्या हातांचे आहेत. स्वस्त का होतं, तेही तेव्हाच कळलं.

मुखवटा नवाच घ्यावा, जुना घ्यायचीच वेळ आली तर दहा वेळा तपासा. मुलांना टीव्हीवरच्या गोलींसारखी 'कॅट आय' जाळी हवी असते, डोळ्यांसमोर मोठ्या फटी असलेली. दिसायला झकास. कॅनडातल्या मुलांच्या हॉकीत ती चालत नाही, कारण त्या फटीतून काठीचं टोक आत जाऊ शकतं. पंच सामन्याआधी बघतात आणि मूल बाकावर बसतं.

मुखवटा ही तशी अलीकडची गोष्ट आहे. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यू यॉर्कमध्ये अँडी बाथगेटच्या फटक्याने माँट्रियलच्या जाक प्लांटचं तोंड फुटलं. टाके घालून आल्यावर त्याने सांगितलं की मुखवटा घालू दिला तरच गोलात उभा राहीन. प्रशिक्षक टो ब्लेकला ते मान्य नव्हतं, पण दुसरा गोली हाताशी नव्हता. माँट्रियल ३-१ ने जिंकलं आणि मुखवटा टिकला. गळ्याच्या पट्ट्याबद्दल कुरकुर झाली की मी घरात एनएचएलचा गोली क्लिंट मालार्चुकची गोष्ट सांगायची. २२ मार्च १९८९ ला बफेलोत एका स्केटचं पातं त्याच्या गळ्याला लागलं आणि मानेची शीर कापली. संघाचा ट्रेनर पूर्वी सैन्यात वैद्यकीय काम केलेला होता, त्याने शीर दाबून धरली म्हणून तो वाचला. पट्ट्याची कुरकुर त्यानंतर ऐकू आली नाही.

खर्च म्हणाल तर वरच्या दर्जाच्या नुसत्या पॅडची जोडी दोन हजार डॉलरच्या पुढे जाते. पण दहा वर्षांच्या मुलाला ती लागत नाही. पुष्कळ क्लब हाउस लीगच्या गोलीला पॅड, ब्लॉकर, ट्रॅपर हंगामापुरते उसने देतात. अडचण असेल तर 'किडस्पोर्ट' आणि 'जंपस्टार्ट' या संस्था मदत करतात. अर्ज करताना लाज बाळगू नका, त्यासाठीच त्या आहेत. जुनं घेतलंत तरी मुखवटा, गळपट्टा आणि जांघेचं संरक्षण नवं घ्या.

आणि सामान घरी आल्या आल्या वाळत घाला. एक रात्र बॅगेत राहिलं तर त्या वासाचं वर्णन मराठीत करता येणार नाही.

४. कोण शिकवणार?

संघाचा प्रशिक्षक बहुधा स्वतः कधी गोलात उभा राहिलेला नसतो. सरावात तो गोलीला लक्ष्य म्हणून वापरतो. बाकीची पोरं फटके मारायला शिकतात आणि आपलं मूल अंग शेकून घेतं. म्हणून कधी ना कधी गोलीचा वेगळा प्रशिक्षक शोधावा लागतो.

चांगला कसा ओळखायचा? पहिल्या महिन्यात तो पक फारसे मारत नाही. तो मुलाला नुसतं सरकवतो. खांब, मध्य, खांब. उभं राहणं, ढकलणं, थांबणं. पालक कंटाळतात आणि म्हणतात, पैसे कशाचे घेतो हा? आम्ही अशाच एकाला सोडून दुसऱ्याकडे गेलो होतो, जो तासात दोनशे फटके मारायचा. मुलाला मजा यायची, आम्हाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटायचं. वर्षभराने जुन्याकडे परत गेलो.

गोलीच्या कलेतलं पहिलं गणित तुम्हीही समजून घ्या, म्हणजे सामना बघताना डोकं फिरणार नाही. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. एवढी जागा कुठल्याच मुलाच्या अंगाने झाकली जात नाही. पण विजेरीसमोर हात धरून बघा. हात भिंतीजवळ असला तर सावली हाताएवढीच, विजेरीच्या जवळ नेला की भिंतभर. पक ही विजेरी समजा. गोली निळ्या रंगाच्या अर्धवर्तुळातून पुढे येतो तो एवढ्यासाठीच. आणि फार पुढे आला तर समोरच्याने बाजूला पास दिला की मागे अख्खं गोल मोकळं. पुढे किती यायचं आणि परत कधी फिरायचं, यातच सगळी अक्कल असते आणि ती वयानेच येते.

दुसरा शब्द कानावर पडेल तो 'बटरफ्लाय'. दोन्ही गुडघे टेकून पाय बाजूला पसरायचे, म्हणजे खालची जागा बंद. ग्लेन हॉलने हा ढंग आणला. हा तोच हॉल, ज्याने सलग ५०२ सामने पूर्ण खेळले आणि सामन्याआधी जो भीतीने ओकायचा. टोनी एस्पोझितोने तो पुढे नेला, आणि फ्रान्स्वा आलेर या प्रशिक्षकाच्या हाताखाली पॅट्रिक रुआने त्याचं शास्त्र केलं. १९८६ मध्ये विसाव्या वर्षी रुआने माँट्रियलला स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, मिळवून दिला आणि क्युबेकमधली पोरंच्या पोरं गुडघ्यांवर बसू लागली.

आज सगळे तसेच खेळतात. त्याची किंमत खुब्याच्या सांध्याला मोजावी लागते. मांडी आत वळवून पुन्हा पुन्हा आपटण्याने सांध्यात हाडाला हाड घासण्याचा त्रास गोलींमध्ये बराच दिसतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाकडून एका तासात शंभर-शंभर बटरफ्लाय करून घेणारा प्रशिक्षक कितीही नावाजलेला असला तरी तिथून निघा. आणि बारा महिने हॉकी नको. उन्हाळ्यात पोहू दे, फुटबॉल खेळू दे. आमच्याकडे उन्हाळ्यात क्रिकेट असायचं आणि विकेटकीपिंगचा हाताला खरोखरच उपयोग झाला.

५. निवड चाचण्या

हाउस लीगच्या वर सिलेक्ट, मग ए, डबल ए, ट्रिपल ए. टोरोंटो परिसरात ही सगळी रचना जीटीएचएलकडे आहे, जगातली मुलांची सर्वांत मोठी हॉकी संघटना म्हणतात ती हीच. हंगाम संपल्यावर वसंतात चाचण्या होतात.

साध्या खेळाडूसाठी एका संघात सतरापर्यंत जागा असतात, गोलीसाठी दोन. चाचणीला दहा गोली आलेले असले तरी पुष्कळदा एक जागा आधीच ठरलेली असते. याला अन्याय म्हणा, पण रडून उपयोग नाही. प्रशिक्षकाला चाचणीआधीच सरळ विचारा: "गोलीच्या दोन्ही जागा मोकळ्या आहेत का? सामने दोघांत कसे वाटणार?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर समजून घ्या.

इथेच आमची सगळ्यांत मोठी चूक झाली. मुलगा बारा वर्षांचा असताना एका ट्रिपल ए संघाने दुसरा गोली म्हणून घेतलं. ट्रिपल एचं जाकीट, ट्रिपल एची बॅग! मंडळाच्या गणपतीत मी चारचौघांत सांगून आले. फी, जादा सराव, स्पर्धांसाठीचा प्रवास, हॉटेलं, खासगी प्रशिक्षक धरला तर अशा वर्षाचा खर्च पाच आकडी सहज होतो. आमचाही झाला. आणि मुलगा वर्षभर बाकाचं दार उघडत-लावत बसला. महत्त्वाचा सामना आला की पहिला गोली. पुढच्या वर्षी तो स्वतःच म्हणाला, मला डबल एला जायचंय, मला खेळायचंय. बारा वर्षांच्या पोराला जे कळलं ते आम्हाला पैसे भरल्यावर कळलं.

खालच्या पायरीवर रोज खेळणारा गोली वरच्या पायरीवर बसलेल्याच्या पुढे जातो. याला अपवाद असतील, मला भेटले नाहीत.

६. पंधरा ते अठरा: फाटा

पंधराव्या-सोळाव्या वर्षी ओएचएल या ओंटारियोतल्या वरच्या ज्युनियर लीगचा ड्राफ्ट येतो, म्हणजे संघ पाळीपाळीने मुलं निवडतात. घरात वातावरण दहावीच्या निकालासारखं होतं. ओएचएलमध्ये २० संघ आहेत. सोळा ते वीस वयाच्या सगळ्या मुलांत मिळून गोलीच्या जागा चाळीसच्या आसपास. नाव आलं नाही म्हणून काही संपत नाही. ज्युनियर ए आहे, शाळांचे संघ आहेत आणि महाविद्यालयाची वाट आहे.

आपल्या घरांत पहिला प्रश्न असतो, "शिक्षणाचं काय?" इथे जुनी माहिती फार फिरते, म्हणून नीट वाचा. ओएचएल हा सीएचएलचा, म्हणजे कॅनडातल्या वरच्या ज्युनियर लीगांच्या संघटनेचा, भाग. पूर्वी सीएचएलमध्ये खेळलं की एनसीएए या अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेतल्या महाविद्यालयांचं दार बंद व्हायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून सीएचएलचे खेळाडू एनसीएएच्या पहिल्या श्रेणीत खेळू शकतात. "ओएचएलची सही केलीत तर कॉलेज विसरा" असं कुणी सांगितलं तर त्याची माहिती शिळी आहे. शिवाय सीएचएल खेळलेल्या हंगामांच्या प्रमाणात शिष्यवृत्ती देते. तिच्या अटी, विशेषतः किती दिवसांत शिक्षण सुरू करायचं हे, करारात आधी वाचा. सही करायच्या आधी वकिलाला दाखवा, आणि एजंटच्याच ओळखीचा वकील नको.

एनसीएएचा विचार असेल तर नववीपासूनचे विषय जपून निवडा. ठरावीक मुख्य विषय झालेले नसतील तर बर्फावर कितीही पक अडवले तरी पात्रता मिळत नाही. बारावीत हे कळलेली दोन घरं मी पाहिली आहेत.

मुलींसाठी ओंटारियोत वेगळी संघटना आहे आणि महाविद्यालयाची वाट हीच मुख्य वाट आहे. कॅनडाची गोली आन-रने देबियँ विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून खेळली, अमेरिकेची एरिन फ्रँकल नॉर्थईस्टर्नला. १९९२ मध्ये मानों रेओम टॅम्पा बेकडून एनएचएलच्या सरावसामन्यात उभी राहिली तेव्हा मुलींसाठी व्यावसायिक असं काहीच नव्हतं. १ जानेवारी २०२४ ला पीडब्ल्यूएचएल ही महिलांची व्यावसायिक लीग सुरू झाली. पहिल्या हंगामात किमान पगार ३५,००० अमेरिकी डॉलर होता. श्रीमंती नाही, पण नोकरी आहे.

७. त्यापुढची शिडी

एनएचएलमध्ये ३२ संघ. प्रत्येकी दोन गोली धरले तर ६४ जागा, अख्ख्या जगात. आघाडीच्या खेळाडूला चौथ्या फळीत, म्हणजे आळीपाळीने उतरणाऱ्या शेवटच्या गटात, पाच-सात मिनिटं मिळतात. गोलीला चौथी फळी नसते. एक खेळतो, दुसरा टोपी घालून बसतो. खाली एएचएल, त्याखाली ईसीएचएल या दुय्यम व्यावसायिक लीगा, आणि बाजूला युरोपातल्या लीगा. २०२५-२६ मध्ये एनएचएलचा किमान पगार ७,७५,००० डॉलर. पण तरुण गोलीचा करार बहुधा दुहेरी असतो. वर असेल त्या दिवसांचा पगार एक, खाली पाठवला की दुसरा, आणि दोघांत जमीन-अस्मानाचा फरक.

अठराव्या वर्षीचा ड्राफ्ट सात फेऱ्यांचा, २२४ नावांचा. त्यात गोलीचं भविष्य कुणालाच सांगता येत नाही, हे इतिहासच सांगतो. पहिल्या क्रमांकावर आजवर फक्त तीन गोली निवडले गेले: १९६८ मध्ये मिशेल प्लास, २००० मध्ये रिक डिपिएत्रो आणि २००३ मध्ये मार्क-आंद्रे फ्लुरी. फ्लुरी हजाराच्या वर सामने खेळला. डिपिएत्रोला २००६ मध्ये पंधरा वर्षांचा करार मिळाला आणि खुब्याच्या नि गुडघ्याच्या दुखण्यांनी त्याची कारकीर्द ३१८ सामन्यांत आटोपली. २००० च्याच ड्राफ्टमध्ये हेन्रिक लुंडक्विस्टचं नाव २०५ वं होतं. तो ४५९ सामने जिंकला.

अशी नावं पुष्कळ. डोमिनिक हाशेक १९९ वा, आणि एनएचएलमध्ये खरा रुळायला त्याला अठ्ठाविशी उलटावी लागली. कॉनर हेलेबक १३० वा, मग मॅसॅच्युसेट्समधलं एक महाविद्यालय, आणि २०२५ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफी. सर्गेई बोब्रोव्स्कीला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नाही. त्याने २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन स्टॅनली कप जिंकले. "उंची कमी आहे" असं तुमच्या मुलाला ऐकावं लागेल, आपल्या मुलांना हमखास ऐकावं लागतं. डस्टिन वुल्फ सहा फुटांचा, आजच्या गोलींत बुटकाच. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये २१७ जणांत तो २१४ वा होता. आज तो कॅलगरीचा पहिला गोली आहे.

माझा आवडता मात्र आपल्या शेजारचा, रिचमंड हिलचा जॉर्डन बिनिंग्टन. २०११ ला निवडला गेला आणि वर्षानुवर्षं खालच्या लीगमध्ये अडकला. २०१७-१८ मध्ये सेंट लुइसकडे स्वतःचा एएचएल संघ नव्हता, म्हणून त्याला उसना दिला तो प्रॉव्हिडन्सला, म्हणजे बोस्टनच्या खालच्या संघात. जानेवारी २०१९ मध्ये सेंट लुइस तळाला असताना त्याला एनएचएलमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून उभं केलं. जूनमध्ये त्याने सातव्या सामन्यात बोस्टनला बोस्टनमध्ये हरवून कप उचलला. वय पंचवीस.

या यादीने हुरळून जाऊ नका. ही वर पोचलेल्यांची यादी आहे. याच वाटेवर सव्विसाव्या वर्षी ईसीएचएलच्या बसमधून उतरून नोकरी शोधणारे किती तरी असतात. म्हणून पदवी, ट्रेडचं प्रशिक्षण, काहीतरी एक बाजूला चालू हवंच. गोलीचे प्रशिक्षक, व्हिडिओ विश्लेषक, समालोचक अशी कामं पुढे मिळू शकतात. आणि डेव्हिड एअर्ससारखा एखादा दिवसही येतो. एअर्स टोरोंटोत बर्फ सारखा करणारी झॅम्बोनी चालवायचा, आईची किडनी घेऊन जगत होता, वय ४२. २२ फेब्रुवारी २०२० ला कॅरोलायनाचे दोन्ही गोली जखमी झाले आणि आपत्कालीन गोली म्हणून त्याला उतरवलं. पहिले दोन फटके आत गेले, पुढचे आठही अडवले, कॅरोलायना ६-३ ने जिंकली. हरला तो टोरोंटोचाच संघ. आमच्या घरात त्या रात्री दुःख कुणालाच झालं नाही.

८. मूल, काच आणि तुम्ही

एनएचएलमध्ये अलीकडे सरासरी गोली शंभरातले नव्वद फटके अडवतो. चुकलेल्या दहांना मागे लाल दिवा लागतो, भोंगा वाजतो. डावी फळी चुकली, बचावपटू पडला, तरी दिवा गोलीच्याच मागे लागतो. मुलाच्या डोक्यावर याचं काय ओझं होत असेल, याचा विचार आपण पालक उशिरा करतो. एनएचएलचा गोली रॉबिन लेनरने २०१८ मध्ये स्वतःचं व्यसन आणि बायपोलर आजार उघडपणे सांगितला, मालार्चुकनेही पुढे स्वतःच्या मानसिक आजाराबद्दल सांगितलं. झोप उडणं, सामन्याआधी पोटात दुखणं, हरल्यावर दोन-दोन दिवस न बोलणं, हे "खेळाचं टेन्शन" म्हणून सोडून देऊ नका. फॅमिली डॉक्टरशी बोला. सांधेदुखीचंही तेच. "थोडं दुखतंय" म्हणाला तर तो आठवडा घरी. आमच्या मुलाने पंधराव्या वर्षी जांघेचं दुखणं तीन आठवडे लपवलं आणि चार महिने बसून काढले.

गाडीत परत येताना गोलांचा विषय काढू नका. अजिबात नाही. मी सुरुवातीला "तो दुसरा गोल कसा रे गेला?" असं सहज विचारायची. काय खाणार, एवढंच विचारा. आमच्याकडे उत्तर नेहमी एकच असायचं, थालीपीठ.

पहिल्या सामन्याला पाऊण तास आधी पोचा. शौचाला आधी पाठवा, एकदा कवच चढलं की पुन्हा सगळं सोडावं लागतं. आधी जांघेचं संरक्षण, गुडघ्यांचे गार्ड, पँट, स्केट, मग पॅड, आणि छातीचं कवच त्यानंतर, नाहीतर वाकताच येत नाही. पॅडचे पट्टे फार आवळू नका, पॅड पायाभोवती फिरायला हवं. पाण्याची बाटली गोलाच्या जाळीवर ठेवायची असते, तिच्यावर नाव लिहा. मग बाकीच्या पालकांपासून लांब, कोपऱ्यातल्या काचेमागे जाऊन उभे राहा. तिथे आणखी एक आई किंवा बाबा एकटेच उभे दिसतील, हातात थर्मास आणि चेहऱ्यावर काही न दाखवायचा प्रयत्न. ते समोरच्या गोलीचे.